कारखाना आला, पण सोयरीक जमली का?

२०२२ च्या सप्टेंबरात वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला जाणार अशी बातमी आली आणि महिनाभर आपल्याकडे दुसरा विषय नव्हता. १ लाख ५४ हजार कोटींची गुंतवणूक, लाखभर नोकऱ्या, कोणी घालवला, कोणाच्या काळात गेला. दहा महिन्यांनी, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंगच काढून घेतलं. त्या बातमीवर मात्र एवढा धुरळा उडाला नाही.

दर जानेवारीत दावोसहून सामंजस्य करारांचे आकडे येतात तेव्हाही हेच. किती कोटी, किती रोजगार. मुलाचा पगार विचारला आणि सुपारी फोडून मोकळे झाले, तसं वाटतं मला ते. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, आपल्याशी जमेल का, हे विचारायचं राहूनच जातं. कारखान्याच्या बाबतीत तोच प्रश्न असा असतो: हा सुटे भाग, कच्चा माल, दुरुस्ती, माणसं कुणाकडून घेणार, आणि याचा माल आपल्याकडे कोण वापरणार? एखादा भाग वर येतो की नुसता मोठ्या कुंपणाच्या कडेला राहतो, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

हे समजायला तैवानला जायला नको. कोल्हापूर पुरे आहे.

## गुऱ्हाळातल्या तीन जोडण्या

गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. ऊस येतो, चरकात पिळला जातो, रस काहिलीत उकळतो, चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळत असतात. गुळव्या उलथन्यावरून पाक ओघळताना बघतो, एका क्षणी मान हलवतो आणि काहील वाफ्यात रिकामी होते.

या गुऱ्हाळाला ऊस हवा, चरक हवा, काहील हवी, चरक बिघडला तर तो दुरुस्त करणारा हवा. गुऱ्हाळामुळे ज्यांना काम मिळतं ते हे सगळे मागच्या बाजूला उभे असतात. ही मागची जोड. गूळ झाला की तो वाहून नेणारा, अडत्या, तो विकत घेऊन पुढे काही करणारा, ही पुढची जोड. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती या पुढच्या जोडीचीच सोय होती. अर्थशास्त्रात याला लिंकेज म्हणतात. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये असं मांडलं की गरीब देशाने सगळीकडे थोडं थोडं पेरत बसू नये, ज्या उद्योगाच्या मागे-पुढे जास्तीत जास्त धागे आहेत तो आधी धरावा. बाकीचे त्या धाग्याला धरून येतात.

तिसरी जोड कागदावर दिसत नाही, कारण तिचं बिल फाटत नाही. चरकाचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रूळ ओतणारा माणूस उद्या पंपाचं आवरण ओतू शकतो. गुऱ्हाळवाल्याचा आणि पंपवाल्याचा एकमेकांशी एक रुपयाचा व्यवहार नसेल, पण दोघांना लागणारा हात एकच आहे. हिला मी कसबाची जोड म्हणतो. या लेखात खरं काम हिचंच आहे.

जोडण्या म्हटलं की कुणीतरी बारा बलुतेदारांची आठवण काढतंच. बरोबर आहे, सुतार-लोहार-चांभार शेतीला घट्ट बांधलेले होते. पण सुताराचा मुलगा सुतारच राहायचा, लोहाराचा लोहार. कसबाला घर बदलायची मुभाच नव्हती. म्हणून गाव शेकडो वर्षं जोडलेलं राहिलं आणि जागच्या जागीही राहिलं. जोड हवी तशी मोडायची मोकळीकही हवी, हे त्या गावगाड्याकडे हळवेपणाने बघताना विसरायला होतं.

## ऊस थांबत नाही, कापूस थांबतो

ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते. तो एक-दोन दिवसांत गाळला नाही तर वजनही जातं आणि उताराही. म्हणजे गुऱ्हाळ काय किंवा साखर कारखाना काय, तो उसाच्या जवळच हवा. मालक मुंबईचा असो नाहीतर लंडनचा, त्याला यंत्र शिवारात आणावंच लागतं. यंत्र आलं की फिटर येतो, फिटर आला की लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, येतो.

कापसाचं उलटं. सरकी काढली, गाठ दाबून बांधली की ती वर्षभर नीट राहते आणि जगात कुठेही जाते. इंग्रजांना वऱ्हाडातून नेमकं तेच हवं होतं. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा गेला तो कापसासाठी. त्या रुळांवरून गाठी बाहेर गेल्या, गिरण्या तेवढ्या प्रमाणात आत आल्या नाहीत. अगदीच काही आलं नाही असं नाही. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून होती. पण जिनिंग-प्रेसिंगपाशी बहुतेक गावांचा धागा तुटला तो तुटलाच. आजही विदर्भातला कितीतरी कापूस कोईमतूरकडच्या सूतगिरण्यांत जातो, तिरुपूरला त्याचे टी-शर्ट होतात, आणि त्यातला एखादा यवतमाळच्या आठवडी बाजारात परत टांगलेला दिसला तर नवल वाटू नये. अमरावतीत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. सुतापासून शिवणापर्यंत एका जागी, ही त्यामागची कल्पना. दीडशे वर्षांपूर्वीच्या गाठीची गाठ सोडवायचा प्रयत्न म्हणा.

उसामुळे कोल्हापूर घडलं आणि कापसामुळे विदर्भ मागे पडला, इतकं हे सरळ नाही. ऊस देशात पुष्कळ ठिकाणी आहे, तिथे सगळीकडे फौंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) उभ्या राहिल्या नाहीत. कोल्हापूरच्या आसपास आणखी दोन-तीन गोष्टी जुळून आल्या. १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तिथल्या जहागीरदारांचा त्याला पाठिंबा होता. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणीची पायाभरणी केली. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, पुढे पंप असा पसारा वाढवला. तीन वेगळे राज्यकर्ते, तीन वेगळे धंदे, आणि सगळं एकमेकांपासून एका दिवसाच्या प्रवासात. माग बिघडला की त्याचा दातेरी चाकाचा तुकडा घेऊन माणूस कुठे जायचा? नांगराचा फाळ ओतायच्या भट्टीकडेच.

त्या काळच्या कोल्हापुरात यंत्राची भीती मोडलेली होती, याचा मला आवडणारा पुरावा सिनेमातला आहे. विलायती कॅमेरा परवडेना, तर बाबूराव पेंटरांनी तो कोल्हापुरातच बनवला आणि १९२० साली त्यावर चित्रपट काढला. चित्रकाराच्या गावात लेथ होता, एवढंच त्याचं मर्म.

## इंजिन गेलं, फौंड्री राहिली

नदीकाठचा ऊस वाढवायचा तर पाणी खालून वर चढवावं लागतं. पंचगंगा, भोगावती, कृष्णा यांच्या काठांवर मोटेच्या जागी ऑइल इंजिनं आली आणि ती बनवायची, दुरुस्त करायची विद्या कोल्हापूरने हस्तगत केली. उद्यमनगरात गल्लोगल्ली इंजिनाचे भाग निघू लागले. बॉडी, हेड, फ्लायव्हील, सगळं बिडाचं. गुऱ्हाळाची मागची जोड वाढत वाढत स्वतःच एक धंदा झाली.

मग साठच्या दशकात कोयनेची वीज सुरू झाली, पुढच्या काही वर्षांत तारा शिवारापर्यंत गेल्या. विजेची मोटर बसली की इंजिन कोण घेतो? जे कोल्हापूरचं हुकमी गिऱ्हाईक होतं तेच गेलं. एखाद्या गावाचा एकच धंदा असावा आणि तोच बुडावा, असा हा प्रसंग.

पण बुडाला तो इंजिनाचा धंदा. बीड ओतणं, ते घासणं, लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग धरणं, हे शिकलेले हात गावातच होते. त्याच सुमाराला पुण्याला पिंपरी-आकुर्डीकडे वाहनांचे कारखाने उभे राहत होते. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन्ही औद्योगिक वसाहतींच्या दारावरून जातो. ट्रकला, ट्रॅक्टरला फ्लायव्हील लागतंच. गिऱ्हाईक बदललं, वस्तू थोडी बदलली, भट्टी तीच. आज कोल्हापूर-सांगली पट्ट्यात फौंड्र्या तीनशेच्या घरात आहेत.

मागच्या हिवाळ्यात आतेभावाच्या ओळखीने शिरोलीच्या एका फौंड्रीत दिवसभर बसलो होतो. फ्लायव्हील हाउसिंग नावाचा, परातीएवढा एक भाग तिथे निघतो. मी ठरवलं, याच्या मागे मागे जायचं.

सुरुवात पॅटर्नच्या दुकानातून. सागवानी लाकडात त्या भागाची हुबेहूब प्रतिमा कोरलेली. पॅटर्नवाल्याने मला एक स्टीलची पट्टी हातात दिली आणि शेजारी माझ्या पोराच्या दप्तरात असते तसली साधी फूटपट्टी ठेवली. दोन्हींवरचे फूट जुळेनात. त्याचा फूट एका सुतानं, म्हणजे इंचाच्या आठव्या भागानं, लांब. "बीड गार होताना आकसतंय, फुटाला एक सूत. म्हणून आमचा फूटच मोठा," तो म्हणाला. सुतार घराण्यातला माणूस, वडील बैलगाड्या करायचे.

तिथून साच्याकडे. साच्याची सिलिका वाळू घाटाखालून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे बाजूच्या खाणींतून आलेली. पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) एक लॉट गोव्यातल्या आमोण्याचा, बाकी भंगार. ते भंगार म्हणजे जवळच्याच मशीन शॉपमधला कीस आणि मोडीत निघालेली जुनी यंत्रं. इंडक्शन भट्टीत रस चौदाशे अंशांच्या आसपास गेला की लॅडलमधून, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातून, साच्यात. ओतताना फार आवाज होत नाही, हे मला नवीन होतं. दोन पोरं लॅडल तोलत होती आणि तिसरा नुसता धारेकडे बघत उभा होता. गुऱ्हाळातला गुळव्या आठवला. दुसऱ्या दिवशी साचा फोडायचा, ग्राइंडर मारायचा, मग टेम्पोत घालून दोन गल्ल्या पलीकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर. तपासणीचं गेज आणखी तिसऱ्याकडचं. रंग चौथ्याकडे. लाकडी खोका पाचवा देतो. मग ट्रक, आणि पहाटेपर्यंत पुणे.

पाच-सहा हजारांच्या त्या तुकड्यामागे मी नऊ वेगवेगळ्या मालकांची बिलं मोजली. त्यातले सात जण एकाच तालुक्यातले.

म्हणूनच वीजदर महाग झाले, आम्ही कर्नाटकात जातो, असे इशारे इथल्या उद्योजकांनी देऊनही बहुतेक जण राहिले. विजेचा मुद्दा खोटा नाही. इंडक्शन भट्टीला वीज म्हणजे निम्मा प्राण, आणि सीमा तासाभरावर आहे. पण भट्टी ट्रकवर चढवून नेता येते. पॅटर्नवाला, गेजवाला, रात्री अकराला दार ठोठावलं तर लेथ सुरू करून देणारा शेजारी, हे कसे नेणार?

## पुरणपोळी येते म्हणून सुशी येत नाही

ज्याला साधी पोळी येते त्याला पुरणपोळी शिकायला एक होळी पुरते. पुरणपोळी येणारी बाई सांज्याची पोळी न शिकताच करते. तिला सुशी करायला सांगितलं तर मात्र नवीन भांडी, नवीन बाजार, नवीन चव, सगळंच शून्यापासून. प्रदेशांचंही असंच असतं. ते सहसा उडी मारत नाहीत, शेजारच्या पायरीवर पाय ठेवतात. सेझार हिदाल्गो, रिकार्डो हाउसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये देशोदेशींच्या निर्यातीवरून वस्तूंचा एक नकाशाच काढला. ज्या दोन वस्तू पुष्कळदा एकाच देशातून निघतात त्या नकाशात जवळ. देश नवीन काय बनवू लागतात ते पाहिलं, तर बहुतेक वेळा आधीच्या वस्तूंच्या शेजारचंच काहीतरी.

शेजार नसेल तर काय होतं, हे मुंबईने पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संप संपल्याची घोषणा कधी झालीच नाही, गिरण्या मात्र एकेक करत मिटल्या. मुंबई वाढायची थांबली का? नाही. बँका वाढल्या, शेअर बाजार वाढला, ऑफिसं वाढली. पण मागावर तुटलेला धागा डोळे मिटून जोडणाऱ्या माणसाच्या बोटांना त्या वाढीत जागा नव्हती. कापड विणणं भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं, तिथे पगार आणि संरक्षण गिरणीच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. परळ-लालबागच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचंही गणित गिरणीच्या भोंग्याशी बांधलेलं होतं, ते कुठल्याच सरकारी तक्त्यात नीट धरलेलं नव्हतं. शहर श्रीमंत झालं आणि गिरणगाव त्याच जागी गरीब झालं. शहराचं सरासरी उत्पन्न पाहून हे कळत नाही.

## "मोठा कारखाना आधी आल्याशिवाय जोड येणार कुठून?"

हा आक्षेप रास्त आहे. सगळीकडेच शंभर वर्षांची लेथची परंपरा नसते. याचं उत्तर वाळूजमध्ये आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात बजाजने औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला स्कूटर-मोटारसायकलींचा कारखाना काढला. मराठवाड्यात तेव्हा या धंद्याला लागणारं फारसं काही नव्हतं. पण दुचाकी बनवणारा कारखाना सगळे भाग स्वतः करत नाही, बाहेरून घेतो. भाग करणारे आले, एंड्युरन्स आणि व्हॅरॉकसारख्या कंपन्या तिथेच वाढल्या आणि पुढे परदेशांत गेल्या. एका गिऱ्हाइकासाठी आलेले पुरवठादार दहा गिऱ्हाइकांचे झाले की समजायचं, जोड रुजली.

मोठा कारखाना म्हणून ते झालं नाही. तो बाहेरून घेणारा कारखाना होता म्हणून झालं.

आता चंद्रपूर बघा. कोळसा आहे, २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र आहे. आकड्यांत ते कुठल्याही स्कूटरच्या कारखान्याला भारी. पण वीज तारेतून जाते. उसाला शिवार सोडवत नाही, कापसाच्या गाठीला निदान रेल्वेचा डबा लागतो, विजेला तेवढंही नको. ती तयार झाल्या क्षणी पुण्या-मुंबईत असते. राख आणि उष्मा तेवढे मागे राहतात. पुढची जोड तिथे मुद्दाम, जाणूनबुजून बांधावी लागते. आपोआप ती होत नाही. म्हणून गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजाबद्दल बोलताना खरा वाद किती टन निघणार हा नाही. दगड जाणार की पोलाद जाणार, आणि पोलाद करताना दुरुस्तीचं वर्कशॉप कोणाचं असणार, हा आहे.

## "एका नोकरीमागे चार नोकऱ्या, हे खरं की थाप?"

प्रकल्पाच्या जाहिरातीत हा आकडा असतोच. त्याच्यामागे एक गंभीर शास्त्र आहे. वासिली लिओन्तिएफने अर्थव्यवस्थेचा एक भलामोठा तक्ता मांडला: कोणता उद्योग कोणाकडून किती घेतो आणि कोणाला किती देतो. त्याला १९७३ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे केंद्राचं सांख्यिकी खातंही असे तक्ते काढतं.

हिशेब समजायला घागर घ्या. कारखान्याने शंभर रुपये खर्च केले. त्यातले साठ जवळच्या माणसांकडे गेले, त्यांनी त्यातले साठ टक्के पुन्हा जवळच खर्च केले, म्हणजे छत्तीस, पुढच्याने एकवीस-बावीस. असं करत करत शंभराचे एकूण अडीचशे होतात. आता समजा जवळ काही मिळतच नाही, शंभरातले वीसच गावात राहतात. मग चार, मग ऐंशी पैसे. एकूण सव्वाशे. दोन्ही ठिकाणी कारखाना तेवढाच, सबसिडी तेवढीच. फरक घागरीच्या भोकाचा. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या प्रकल्पाचे नाहीत.)

तेव्हा "चार नोकऱ्या" ऐकलं की विचारायचं: कुठे? पुण्यातल्या पुरवठादाराकडे वाढलेली नोकरी नंदुरबारच्या खात्यावर कशी मांडणार? दुसरं, हा तक्ता म्हणजे फोटो आहे. उद्या तोच भाग प्लॅस्टिकचा झाला तर फोटोला ते माहीत नसतं. तिसरी अडचण मी कोल्हापुरातच ऐकली. गावात चांगले सीएनसी ऑपरेटर मोजके असतील तर नवा मोठा कारखाना नोकऱ्या तयार करत नाही, शेजाऱ्याकडची माणसं पळवतो. नवी जोड झाल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात जुनीच उसवलेली असते. आयटीआयमध्ये नवीन तुकडी निघाली का, हे म्हणून मला दावोसच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

## "सगळे एकमेकांना बांधलेले, मग एक बुडाला की सगळेच?"

हो. हे टाळता येत नाही. २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली तेव्हा पुण्याहून ऑर्डर कमी झाल्या आणि शिरोली-गोकुळ शिरगावात पाळ्या बंद झाल्या. पॅटर्नवाल्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना एकाच आठवड्यात कळलं. ज्या नऊ बिलांचं मी कौतुक केलं, ती नऊच्या नऊ एकदम थांबतात.

यापेक्षा चिवट धोका म्हणजे जोड पायात येणं. ऊस घ्या. कारखाना, बँक, पाणी संस्था, वाहतूक, निवडणूक, सगळं उसाला बांधलेलं. पाणी कमी पडतंय, जमीन खारपड होतेय, पंचगंगेची अवस्था सगळ्यांना दिसतेय, तरी एकट्या शेतकऱ्याने दुसरं पीक घ्यायचं तर त्याला ना बाजार जवळ, ना कर्ज, ना सल्ला देणारा. ज्या धाग्यांनी वर काढलं तेच आता दुसरीकडे वळू देत नाहीत. यात शेतकऱ्याला हटवादी म्हणणारे लोक पाहिले की चीड येते.

सुटका संबंध तोडून होत नाही. कसबाचे धागे एकाहून जास्त गिऱ्हाइकांकडे जायला हवेत. वाहनांबरोबर पंप, व्हॉल्व्ह, शेतीची अवजारं, पवनचक्कीचे भाग. इचलकरंजीचा माग आणि शिरोलीची भट्टी एकाच महिन्यात सहसा मंदावत नाहीत, आणि दोन्हीकडे चालणारा फिटर त्या महिन्यात उपाशी राहत नाही.

## आणि आता विजेची गाडी

इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर ब्लॉक नसतो, हेड नसतं, मॅनिफोल्ड नसतो. मी ज्याच्या मागे फिरलो ते फ्लायव्हील हाउसिंगही नसतं. ब्रेक ड्रम, हब, सस्पेन्शनचे ब्रॅकेट राहतील. ट्रक आणि ट्रॅक्टर एवढ्यात पूर्ण बदलणार नाहीत, त्यामुळे उद्याच काही होत नाही. पण कोयनेच्या तारा शिवारात पोचल्या तेव्हा इंजिनवाल्यांच्या पोटात जसा गोळा आला असेल, तसा आता फौंड्रीवाल्यांच्या पोटात आहे.

या वेळची पायरी थोडी उंच आहे. मोटरचं आवरण सहसा अ‍ॅल्युमिनियमचं. ते ६६० अंशांना वितळतं, बिडाच्या निम्म्यापेक्षा थोडं वर. भट्टी वेगळी. वाळूत ओतता येतं, पण हजारोंनी हवं असेल तर पोलादी डाय (पुन्हा पुन्हा वापरायचा साचा) आणि दाबाने ओतणारं मशीन लागतं, त्याची किंमत ऐकून छोट्या फौंड्रीवाल्याचा चहा थंड होतो. उलट बाजूने पाहिलं तर ओतल्यानंतरचं मशिनिंग, गेज, तपासणी, पुण्याच्या गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत, हे सगळं तेच. मधली एक पायरी, डाय बनवणारं टूलरूम, गावात पुरेशी नाही. माझ्या मते सरकारने पैसा घालायचाच तर तिथे घालावा, सगळ्यांना वापरता येईल असं एखादं टूलरूम. नव्या पाटीच्या महाप्रकल्पापेक्षा ते स्वस्त पडेल. पण त्याची फीत कापताना फोटो चांगला येत नाही.

निघताना मी पॅटर्नवाल्याला विचारलं, तुमचं काय होणार. त्याने उत्तर दिलं नाही. टेबलाचा खण ओढला आणि आणखी एक पट्टी काढून माझ्या हातात दिली. "ही अ‍ॅल्युमिनियमची. ते जास्त आकसतंय." खरंच, तिच्यावरचा फूट आधीच्या पट्टीपेक्षाही किंचित लांब होता. दोन वर्षांपूर्वी घेऊन ठेवली होती म्हणे. आतापर्यंत चार वेळा वापरली.